वीतभर हवेची मालकी

फ्लुटिकासोन प्रोपियोनेट नावाचा एक रेणू आहे. अमेरिकेत नाकात मारायच्या फवाऱ्यासाठी त्याला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये त्या फवाऱ्याची पहिली जेनेरिक बाटली आली, आणि २०१४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. आता तो तिथल्या दुकानांत टूथपेस्ट आणि शाम्पूच्या सोबतीनं फळीवर असतो. त्वचेच्या मलमातही हा रेणू जेनेरिक झालेला आहे. दम्याच्या रुग्णाला तोच श्वासावाटे फुप्फुसात घ्यायचा असेल, तर मात्र सगळं चित्र पालटतं. अमेरिकेत १९९६ मध्ये आलेल्या ‘फ्लोव्हेंट’ या पंपासमोर २०२३ साल संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कंपनीनं बनवलेलं जेनेरिक उभं राहिलं नाही.

रेणू तोच, अणूंची मांडणी तीच. घशापासून श्वासनलिकांच्या फांद्यांपर्यंतचं अंतर जेमतेम वीतभर. तेवढ्या अंतरात स्पर्धा कुठं नाहीशी होते आणि किंमत कशी चढते, याचा शोध घ्यायला बसलं की एक विलक्षण जग उघडतं. त्यात अत्तराच्या बाटलीची झडप आहे, ओझोनचा थर आहे, जांभळ्या रंगावरचा खटला आहे आणि दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकावर झालेला कोर्टातला वादही आहे.

आधी औषधाकडे बघू. दम्यात श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, हे आपल्याला दिसतं आणि ऐकू येतं. पण मूळ दुखणं आत असतं, नलिकांच्या अस्तराला आलेली सूज. सालब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, म्हणून लगेच हायसं वाटतं. फ्लुटिकासोनसारखं स्टिरॉइड सूज उतरवतं. त्याचं काम सावकाश चालतं आणि ते रोज घ्यावं लागतं. रुग्णांना पहिला पंप आवडतो, डॉक्टरांना दुसरा. आपल्याकडच्या दवाखान्यांत ही ओढाताण रोज चालते.

कॉर्टिसोन हे स्टिरॉइड पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि राइशश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. दम्यावरही या कुळातल्या गोळ्यांचा गुण जबरदस्त होता. किंमत मात्र शरीर मोजत होतं. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचा चेहरा सुजून गोल होई, हाडं ठिसूळ होत, मुलांची उंची खुंटे. तेव्हा साहजिकच विचार आला की हे औषध सगळ्या शरीराला कशाला पाजायचं, जिथं सूज आहे तिथंच नेऊन टाकू. १९५० च्या दशकात कॉर्टिसोन हुंगवून पाहण्याचे प्रयोगही झाले. ते फसले. त्या जुन्या रेणूंचा जागेवरचा जोर अपुरा पडत होता. परिणाम दिसावा म्हणून मात्रा वाढवली, की औषध रक्तात उतरून पुन्हा तेच दुष्परिणाम करायचं.

कोंडी फुटली ती कातडीवर. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक साधी चाचणी मांडली. माणसाच्या हातावर स्टिरॉइडचं द्रावण लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. स्टिरॉइडनं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जितका पांढुरका डाग ठळक, तितका रेणू जागेवर जोरकस. म्हणजे ज्या औषधानं पुढं लाखो फुप्फुसं मोकळी केली, त्याची निवड हाताच्या कातडीवर झाली. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो, आणि त्यावर कुणी पेटंट घेतलं नाही.

इंग्लंडमध्ये वेअर नावाच्या गावात ग्लॅक्सोच्या मालकीची ॲलन अँड हॅनबरीज ही कंपनी होती. तिथं संशोधनाचे प्रमुख होते डेव्हिड जॅक. स्कॉटलंडमधल्या एका कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा पुढं ‘सर’ झाला. सालब्युटामॉल त्यांच्याच काळात तिथं घडलं. त्वचेच्या मलमासाठी बनलेलं बेक्लोमेथासोन डायप्रोपियोनेट फुप्फुसात का पाठवू नये, हा विचारही त्यांचाच. डर्बी शहरातले डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी ते रुग्णांना दिलं. त्यांच्याकडे एक हुकमी साधन होतं, सूक्ष्मदर्शक. रुग्णाच्या कफात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दिसल्या तरच त्याला स्टिरॉइड लागू पडेल, हे त्यांनी १९५८ मध्येच दाखवून दिलं होतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७२ साली त्यांचा निबंध आला. स्टिरॉइडच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या ३७ रुग्णांपैकी २८ जणांची गोळी सुटून ते पंपावर आले होते.

पुढची पायरी होती फ्लुटिकासोन. पंपातलं औषध सगळंच्या सगळं फुप्फुसात जात नाही. साध्या पंपानं साधारण दहा ते वीस टक्केच पोचतं, उरलेलं घशावर आदळतं आणि गिळलं जातं. ग्लॅक्सोचे गॉर्डन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रेणू घडवला की तो गिळला गेला तरी यकृत त्याचा पहिल्याच फेरीत चक्काचूर करतं आणि एक टक्काही धडपणे रक्तात पोचत नाही. अशा पंपाच्या एका दाबात हे औषध असतं फार तर २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाचे चारेक कण. त्या चार कणांचीही पूड करून प्रत्येक सूक्ष्मकण एक ते पाच मायक्रॉनांच्या दरम्यान ठेवावा लागतो. मोठा झाला तर घशातच आपटतो. फारच लहान झाला तर श्वासाबरोबर आत जाऊन तसाच बाहेर येतो.

फ्लुटिकासोनच्या रेणूचं अमेरिकी पेटंट १९८२ चं. ब्रिटनमध्ये पंप आला १९९३ मध्ये. पेटंट म्हणजे समाजाशी केलेला करार असतो. तुम्ही तुमचा शोध सगळ्यांना उलगडून सांगायचा आणि त्या बदल्यात ठरावीक काळ, आता बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून २० वर्षं, दुसऱ्यांना तो वापरण्यापासून रोखायचं. औषधाच्या बाबतीत यातली दहा-बारा वर्षं चाचण्यांतच जातात. तेव्हा कंपनीला हाती उरलेला काळ वाढवावासा वाटणं समजण्यासारखं आहे. पण रेणूचं पेटंट फारसं वाढवता येत नाही. मग वाढवायचं काय? तर रेणूभोवतीचं सगळं काही.

इथं ती वीतभर हवा कामाला येते.

दम्याचा पंप जन्मला तो एका मुलीच्या कुरकुरीतून. १९५५ मध्ये अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा रबरी फुगा दाबून काचेच्या भांड्यातून औषध उडवावं लागे. भांडं फुटायचं, सांडायचं, मात्रा कधी कमी कधी जास्त व्हायची. तिनं वडिलांना विचारलं, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझं औषध का नाही भरत? रायकरच्या लोकांनी त्यासाठी झडप शोधली ती अत्तराच्या उद्योगातून. फिलिप मेशबर्ग यांनी बनवलेली ती झडप दर दाबाला मोजून ५० मायक्रोलिटर फवारा सोडायची. १९५६ च्या मार्चमध्ये ‘मेडिहेलर’ला परवानगी मिळाली. प्रश्नापासून परवानगीपर्यंत जेमतेम वर्ष! आज एखाद्या पंपाची फक्त झाकणाची रचना बदलायची तरी याहून जास्त कागद लागतील.

त्या डब्यात औषध ढकलायला सीएफसी वायू असायचा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी जगभर सीएफसीवर बंदी आणायचं ठरवलं, कारण तो ओझोनचा थर खात होता. दम्याच्या पंपांना काही वर्षं सवलत मिळाली. पर्याय म्हणून एचएफए नावाचा वायू आला आणि मग कळलं की नुसता वायू बदलून भागत नाही. झडपेतले रबरी भाग नव्या वायूत वेगळे वागतात. जुने साहाय्यक पदार्थ विरघळत नाहीत. औषध भांड्याच्या भिंतीला चिकटतं. प्रत्येक अडचणीवर इंजिनिअरांनी उत्तर शोधलं आणि वकिलांनी प्रत्येक उत्तरावर पेटंट घेतलं.

यातली काही उत्तरं खरोखर थक्क करणारी होती. जुन्या बेक्लोमेथासोनच्या पंपात औषधाची पूड सीएफसीत तरंगत असे. ‘क्युव्हार’ या नव्या पंपात ते एचएफएमध्ये विरघळवलं. फवारा उडाला की वायूची वाफ होते आणि मागं सुमारे १.१ मायक्रॉनचे कण उरतात. जुने कण ३.५ मायक्रॉनच्या आसपास होते. त्यामुळे फुप्फुसात पोचणारा वाटा वाढून मात्रेच्या अर्ध्यावर गेला आणि मात्रा निम्मी पुरू लागली. १९७२ चंच औषध, पण वायू बदलल्यानं जवळपास नवं झालं. याला पेटंट मिळालं तर मला तक्रार करावीशी वाटत नाही.

दुसरी बाजू सालब्युटामॉलची. ते स्टिरॉइड नव्हे, पण त्याच डब्यातलं. त्याचं रेणूचं पेटंट केव्हाच संपलेलं होतं आणि अमेरिकेत स्वस्त जेनेरिक पंप मिळत होते. २००८ च्या अखेरीस सीएफसीचे पंप बंद झाले, तसे ते जेनेरिकही गेले. उरले फक्त एचएफएचे, नव्या पेटंटांच्या कुंपणातले. एका अभ्यासानुसार विमा असलेल्या रुग्णाच्या खिशातून पंपासाठी दर चिठ्ठीमागं २००४ मध्ये सरासरी १३.६० डॉलर जात होते, ते बंदीनंतर लगेच २५ झाले. ओझोनचा थर वाचला हे उत्तमच झालं. त्याचं बिल कुणी भरलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

फवाऱ्याखेरीज दुसरी वाट कोरड्या पुडीची. ग्लॅक्सोची ‘डिस्कस’ ही चपटी गोल डबी उघडून पाहिली तर आत फॉइलची लांब पट्टी गुंडाळलेली दिसते. तिच्यावर साठ फुगवट्या असतात आणि प्रत्येक फुगवटीत साडेबारा मिलिग्रॅम पूड, जवळजवळ सगळी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. औषधाचे सूक्ष्मकण तिच्यावर स्वार झालेले असतात. खटका ओढला की एक फुगवटी सोलली जाते, रुग्ण जोरात श्वास ओढतो, साखर घशात अडते आणि औषध सुटून पुढं जातं. या डबीत फ्लुटिकासोन आणि स्नायू सैल करणारं सालमेटेरॉल ही जोडी भरून ग्लॅक्सोनं ‘सेरेटाइड’ आणलं, अमेरिकेत ‘ॲडव्हेअर’. २०१३ मध्ये जगभरातली त्याची विक्री आठ अब्ज डॉलरांच्या वर होती.

दोन ओळखीची औषधं एकत्र घालणं हा शोध आहे का? हा प्रश्न २००४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. आव्हान देणाऱ्यांत मुंबईची सिप्लाही होती. न्यायमूर्ती पम्फ्री यांनी निकाल दिला की ही जोडी लावणं त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं होतं, आणि ब्रिटनमधलं पेटंट रद्द झालं. अमेरिकेत त्याच जोडीचं पेटंट २०१० पर्यंत टिकलं. त्यानंतर डबीची पेटंटं २०१६ पर्यंत. आणि सगळी संपल्यावरही पहिलं जेनेरिक, मायलन कंपनीचं ‘विक्सेला’, मंजूर झालं ते २०१९ च्या जानेवारीत. त्याची छापील किंमत मूळ औषधापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती.

पेटंट संपूनही दोन-तीन वर्षं कशी गेली? गोळीचं जेनेरिक सिद्ध करणं त्या मानानं सोपं. रक्तात औषध किती आणि किती वेळ राहतं ते मोजायचं, मूळ गोळीशी जुळलं की झालं. पंपातल्या औषधाचं काम रक्तात नसतंच, ते फुप्फुसाच्या भिंतीवर असतं. तिथं नळी घालून मोजता येत नाही. म्हणून कणांचा आकार, श्वासाच्या वेगवेगळ्या जोराला बाहेर पडणारी मात्रा, रक्तातली पातळी, रुग्णांवरची चाचणी असे सगळे पुरावे एकत्र मागितले जातात. वर डबी अशी हवी की जुन्या रुग्णाला ती नव्यानं शिकावी लागू नये. म्हणजे यंत्र हुबेहूब असावं असं औषध प्रशासन म्हणतं आणि हुबेहूब असू नये असं पेटंट म्हणतं. जेनेरिक बनवणारा या दोहोंच्या मधल्या फटीतून जातो.

डबीच्या रंगावरही हक्क सांगून झाला. सेरेटाइडचा जांभळा रंग आपली व्यापारचिन्ह-मालमत्ता आहे, असा ग्लॅक्सोचा दावा होता. हा पेटंटचा मामला नव्हे, पण वृत्ती तीच. सँडोझ कंपनीबरोबरच्या लढाईत इंग्लंडच्या अपील न्यायालयानं २०१७ मध्ये हे चिन्ह अवैध ठरवलं. जांभळा रंग सुटला एकदाचा.

दशांशाचा खटला तर गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. ॲस्ट्राझेनेकाच्या ‘सिंबिकॉर्ट’ पंपात ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉल वायूत तरंगत ठेवण्यासाठी पीव्हीपी नावाचा पदार्थ किंचितसा घालतात. पेटंटात प्रमाण लिहिलं होतं ०.००१ टक्के. मायलनशी अमेरिकेत झालेल्या वादात प्रश्न निघाला की ०.००१ म्हणजे नेमकं किती? शाळेतल्या नियमानं पूर्णांकन केलं तर ०.०००५ पासून ०.००१४ पर्यंत काहीही ०.००१ होतं, आणि खालच्या न्यायालयानं तेच मानलं. अपील न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात ते उलटवलं. इथं ०.००१ म्हणजे ०.०००९५ ते ०.००१०४, त्यापलीकडे नाही. कारण कंपनीनंच पेटंट मिळवताना मोठी मर्यादा सोडून हा नेमका आकडा धरला होता, आणि प्रमाण जरा हललं तरी मिश्रणाचं तरंगणं बिघडतं हे तिच्याच प्रयोगांतून दिसत होतं. सूक्ष्मतेच्या बळावर पेटंट मिळवायचं आणि स्पर्धक आला की तीच सूक्ष्मता ढिली करायची, हे चाललं नाही. सिंबिकॉर्टचं जेनेरिक अमेरिकी बाजारात आलं २०२३ मध्ये.

मग गंमत कुठं लपली आहे ते कळतं. १९८६ ते २०२० या काळात एफडीएनं दमा आणि सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठी मंजूर केलेल्या ६२ पंपांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांत पूर्णपणे नव्या रीतीनं काम करणारं औषध असलेला पंप होता फक्त एक. निम्म्याहून जास्त पेटंटं यंत्रावरची होती, औषधावरची नव्हेत. आणि मूळ ब्रँडच्या पंपांना मिळालेल्या संरक्षणाचा मध्यक होता १६ वर्षं.

अमेरिकेत कंपन्या आपली पेटंटं ‘ऑरेंज बुक’ या सरकारी यादीत नोंदवतात. यादीतल्या पेटंटवरून जेनेरिकवाल्यावर खटला भरला, की त्याची मंजुरी ३० महिने आपोआप अडकते. मग यादीत आणखी नोंदी करण्याचा मोह कुणाला होणार नाही? टेवा कंपनीनं तिच्या सालब्युटामॉलच्या पंपासाठी अशी पाच पेटंटं नोंदवली होती, डबा आणि किती फवारे उरले ते दाखवणारा मोजणी-आकडा यांच्याविषयीची. २०२४ च्या डिसेंबरात अपील न्यायालयानं ती यादीतून काढायला लावली. या यादीत येण्यासाठी पेटंटनं औषधावर हक्क सांगायला हवा, नुसत्या डब्यावर सांगून भागत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीचा दबाव वाढल्यावर ॲस्ट्राझेनेका, बोरिंजर आणि जीएसके (पूर्वीची ग्लॅक्सो) या तिघांनी रुग्णाच्या खिशातून महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर घेण्याची घोषणा केली. आणि २०२४ उजाडताना फ्लोव्हेंट नाव बाजारातून उठलं. गरिबांच्या सरकारी विमायोजनेला द्यायच्या सवलतीवरची कमाल मर्यादा निघाली, तो मुहूर्त नेमका हाच. तेच औषध बिनब्रँडचं लेबल लावून चालू राहिलं.

आता आपल्याकडे येऊ. १९७२ हे वर्ष पुन्हा आठवा. बेक्लोमेथासोनचा पंप ब्रिटनमध्ये आला त्याच वर्षी, २० एप्रिलला, भारताचा १९७० चा पेटंट कायदा अमलात आला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो उभा होता. या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नसे. तो बनवण्याच्या कृतीवर मिळे, तेही फार तर सात वर्षं. वेगळी कृती शोधा आणि तेच औषध बनवा, अशी मुभा होती. म्हणून बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांपैकी एकाही रेणूवर या कायद्याखाली भारतात मक्तेदारी मिळू शकली नाही.

पण रेणू बनवता येणं म्हणजे पंप बनवता येणं नव्हे, हे आपण आत्ताच पाहिलं. इथं मुंबईच्या सिप्लाचं श्रेय मान्य करायला हवं. १९७० च्या दशकापासून तिनं दम्याचे पंप भारतात आणले, बनवले, आणि रोटाहेलरसारखं साधं यंत्र घराघरांत पोचवलं. पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यात कॅप्सूल खुपसायची, पिळायची, ओढायची. कॅप्सूल रिकामी झाली की नाही ते डोळ्यांनी दिसतं. ना वायू, ना झडप, ना फॉइलची पट्टी. भारतात स्टिरॉइडचा महिन्याचा पंप काहीशे रुपयांत मिळतो, त्यामागं हा कायदा आणि ही नळी दोन्ही आहेत. २०२० मध्ये सिप्लाला सालब्युटामॉलच्या एचएफए पंपाचं जेनेरिक विकायला एफडीएची मंजुरी मिळाली, पाठोपाठ मुंबईच्याच ल्युपिनलाही.

२००५ पासून भारतातही औषधांच्या रेणूंना पेटंट मिळतं. मात्र तेव्हा कायद्यात कलम ३(डी) घातलं गेलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप शोध मानलं जाणार नाही, त्याचा गुण लक्षणीय वाढल्याचं दाखवल्याशिवाय. आणि नवं रूप म्हणजे काय याची यादी कलमातच दिली आहे. तीत एस्टर (रेणूला आम्ल जोडून केलेलं रूप) आहे, कणांचा आकार आहे, औषधांची जोडी आहे. ही यादी वाचताना मला दर वेळी वाटतं, की लिहिणाऱ्यासमोर दम्याचा पंपच असावा. क्युव्हार म्हणजे कणांचा आकार, सेरेटाइड म्हणजे जोडी. आणि डिस्कसची पेटंटं संपत आली तेव्हा जीएसकेनं ‘एलिप्टा’ या नव्या डबीतून जे फ्लुटिकासोन फ्युरोएट आणलं, ते फ्लुटिकासोनचंच दुसरं एस्टर. न्यायानं सांगायचं तर फ्युरोएट फुप्फुसात जास्त वेळ टिकतं आणि दिवसातून एकदाच घ्यावं लागतं. नवं रूप कधी खरंच नवं असतं, कधी नुसतं नव्या कपड्यातलं. ते दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकणं, हे या कलमाचं शहाणपण.

आणि वायू पुन्हा बदलतो आहे. एचएफए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक. २०१६ च्या किगाली करारानुसार अशा वायूंचा वापर जगभर घटवायचा आहे. भारतासाठी २०२८ पासून गोठवणी आणि २०३२ पासून कपात. २०२५ मध्ये ब्रिटननं नव्या वायूवर चालणाऱ्या एका तिहेरी, म्हणजे तीन औषधांच्या, पंपाला परवानगी दिली. त्यातलं स्टिरॉइड आहे ब्युडेसोनाइड, स्वीडनच्या लुंड शहरात १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवलेलं. त्या रेणूचं पेटंट केव्हाच संपलं. नव्या वायूसाठी बदललेल्या झडपा, मिश्रणं आणि डब्यांवर या दशकात जी पेटंटं मागितली जातील, ती २०४० नंतरही जिवंत असतील.

भारतात असे अर्ज साधारण १८ महिन्यांनी सर्वांना वाचायला खुले होतात. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्याआधी त्यावर कोणीही हरकत घेऊ शकतं, त्यासाठी स्पर्धक कंपनी असावं लागत नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकणारे हजारो विद्यार्थी महाराष्ट्रात आहेत आणि पेटंट कार्यालयही मुंबईत, अँटॉप हिलला आहे. नव्या वायूच्या पंपांचे अर्ज येतील तेव्हा ते या विद्यार्थ्यांनी उघडून वाचावेत, प्राध्यापकांनी वाचायला लावावेत, आणि जिथं नुसता डबा बदललेला दिसेल तिथं हरकत नोंदवावी.